सज्ञान मूल, उत्पन्न मात्र बापाचे

बौद्धिक दिव्यांगत्व असलेले मूल अठरा वर्षांचे झाले म्हणून घरातले काम कमी होत नाही. बदलतात ते कागद. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा या वयापुरताच आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अठराव्या वर्षी पुन्हा करून घ्यावे लागते. ते मात्र मग आयुष्यभर चालते. आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्वही त्याच दिवशी संपते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता येते. अशा मुलाच्या आईला जिल्हा पातळीवरच्या समितीकडे अर्ज करून आपल्याच मुलाची कायदेशीर पालक म्हणून नेमणूक मिळवावी लागते. शासनाच्या लेखी ही व्यक्ती आता इतकी स्वतंत्र झालेली असते की जन्मदात्यांची सहीही तिच्यासाठी पुरत नाही.

मदतीचा हिशेब मांडताना मात्र हे स्वातंत्र्य नाहीसे होते. राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्याला आता दरमहा 2,500 रुपये मिळतात, पण त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत लागते. महिन्याला चार हजारांच्या थोडे वर. दिवसाला 200 रुपयांवर वर्षातून 300 दिवस राबणारा बाप या मर्यादेबाहेर जातो, आणि त्याच्याबरोबर त्याचे सज्ञान मूलही. (खरे उत्पन्न सांगणाऱ्यालाच शिक्षा देणाऱ्या अटीतून कसले दाखले निघतात, हे वेगळे सांगायला नको.) केंद्राची दिव्यांग पेन्शन अठराव्या वर्षापासून लागू होते खरी, पण ती दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातल्या आणि 80 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांनाच. तिची रक्कम 300 रुपये, तीही 2012 पासून तीच. सही करायची वेळ आली की मूल सज्ञान, पैसे द्यायची वेळ आली की ते बापाच्या पदराखाली, असा हा दुटप्पी व्यवहार आहे.

वास्तविक सज्ञान मुलाचे स्वतःचे उत्पन्न पाहण्याचे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याच्या मागे त्याच्या दिव्यांग मुलाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. तिथे कसोटी लागते ती मुलाच्या स्वतःच्या कमाईची, आणि 2021 मध्ये ती मर्यादा चांगली सैल करण्यात आली. अमेरिकेतही दिव्यांगांसाठीच्या एसएसआय योजनेत मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे उत्पन्न मोजणे बंद होते. आयकराच्या जुन्या पद्धतीत अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी 75,000 किंवा तीव्र दिव्यांगत्व असल्यास 1,25,000 रुपयांची वजावट मिळते. तिला ना मुलाच्या वयाची अट, ना घरच्या उत्पन्नाची. म्हणजे सरकारी नोकर आणि करदाता यांच्या मुलांना जो न्याय लागू आहे, तो मजुराच्या मुलाला नाही.

मजुराच्या मुलालाही हाच न्याय लावावा, या मागणीवर पहिला आक्षेप तिजोरीचा. तो गंभीर आहे, पण 2024 मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत याच शासनाने कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवली. धडधाकट बाईच्या घराला अडीच लाख परवडतात आणि दिव्यांगाच्या घराला पन्नास हजार, याला काटकसर म्हणता येत नाही. शिवाय दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 24 सांगते की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त रक्कम मिळावी. रक्कम वाढवून दार इतके अरुंद ठेवले, तर त्या कलमाचा हेतू कागदावरच राहतो. श्रीमंतांची मुले फायदा घेतील ही भीती रास्त आहे. आयकर भरणारी घरे वगळली की तिचा बराचसा निकाल लागतो. पैसे मुलाच्या नावावर येतील आणि खर्च दुसरेच करतील, ही शंकाही येते. पण राष्ट्रीय न्यास कायद्याने नेमलेल्या पालकाला मालमत्तेचा आणि जमाखर्चाचा हिशेब दरवर्षी द्यावा लागतो. तो हिशेब नीट तपासणे हे शासनाचे काम, त्यासाठी मदत अडवण्याचे कारण नाही.

सर्वांत मुरलेला आक्षेप असा, की आपल्याकडे कुटुंब सांभाळतेच. सांभाळते, पण मूल तिशीत येते तेव्हा आईवडील साठीकडे झुकलेले असतात आणि पुढचा भार बहुधा भावंडावर येतो. भावंडाची कमाई घरात धरली तर मदत आणखी दूर जाते. निदान लाडक्या बहिणीची अडीच लाखांची मर्यादा सज्ञान दिव्यांगांना लागू करण्याचा निर्णय राज्य सरकारने येत्या अर्थसंकल्पात घ्यावा. आणि ज्यांचे मूल सतरा वर्षांचे आहे त्यांनी नव्या प्रमाणपत्राची व पालकत्वाच्या अर्जाची तयारी आजच सुरू करावी.