इथेनॉल : शर्यतीच्या गाडीत आणि आपल्या गाडीत

अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस पाचशे मैलांची मोटारशर्यत होते. अडीच मैलांचा ट्रॅक, दोनशे फेऱ्या आणि ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जाणारा वेग. या शर्यतीतल्या गाड्या 2007 पासून इथेनॉलवर धावतात. 2012 मध्ये त्यांना 2.2 लिटरचे, सहा सिलिंडरांचे टर्बो इंजिन मिळाले आणि 85 टक्के इथेनॉल असलेले ‘ई-85’ हे इंधन आले. एवढ्याशा इंजिनातून 550 ते 700 अश्वशक्ती निघते. आपल्याकडे मात्र पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळू लागल्यावर घराघरांतून ऐकू आले ते वेगळेच : अ‍ॅव्हरेज पडलं, गाडी पहिल्यासारखी ओढत नाही.

एका बाजूला सांगितले जाते की शर्यतीच्या गाड्या हेच वापरतात, तेव्हा ते उत्तमच असणार. दुसऱ्या बाजूला म्हटले जाते की हे म्हणजे पेट्रोलमध्ये पाणी घालण्यासारखे आहे. मला हे दोन्ही युक्तिवाद अर्धवट वाटतात. दोन्हींमागचे अनुभव मात्र खरे आहेत. ते एकाच वेळी खरे कसे, हे समजून घ्यायचे तर इंजिनाच्या पोटात शिरावे लागते.

आधी साधा हिशेब मांडू. एक किलो पेट्रोल जाळले की सुमारे 43 मेगाज्यूल ऊर्जा मिळते आणि एक किलो इथेनॉलमधून सुमारे 27. कारण उघड आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला असतो, म्हणजे ते थोडेसे ‘जळून आलेले’ इंधन आहे. इथपर्यंत तक्रार करणाऱ्यांची बाजू बरोबर ठरते.

पण इंजिनाची ताकद त्यात इंधन किती ओतता येते यावर अडत नाही. हवा किती भरता येते, यावर अडते. एक किलो पेट्रोल पुरते जळायला 14.7 किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त 9 किलो. म्हणजे जेवढ्या हवेत एक किलो पेट्रोल जळते, तेवढ्याच हवेत 1.6 किलोहून थोडे अधिक इथेनॉल जळते. आता गुणाकार करून पाहा. उत्तर पुन्हा 43-44 मेगाज्यूलच येते. तेवढ्याच हवेतून जवळजवळ तेवढीच ऊर्जा मिळते. फक्त इंधन जास्त खर्च होते. शर्यतीत आडवी येते ती हवा, इंधनाचा खर्च नव्हे. म्हणून तिथे इथेनॉल निदान पेट्रोलच्या बरोबरीने उभे राहते.

बरोबरीच्या पुढे ते जाते टर्बोमुळे. टर्बोचार्जर म्हणजे एका दांड्यावर बसवलेली दोन चाके. धुराड्यातून वेगाने बाहेर पडणारे गरम वायू एक चाक फिरवतात आणि दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येते आणि जास्त ताकद मिळते. मात्र हवा दाबली की ती तापते. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, तेच इथे घडते. 30 अंश सेल्सिअसची हवा दुप्पट दाबाला नेली तर तिचे तापमान सहज शंभर अंशांपलीकडे जाते. मधे इंटरकूलर बसवून ती गार करतात, तरी तिला सिलिंडरमध्ये पिस्टनखाली पुन्हा दबायचे असतेच.

धोका इथे सुरू होतो. ठिणगी पडल्यावर ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीत पसरायला हवी. पण मिश्रण फार तापले आणि दबले, तर ज्योत पोहोचण्याआधीच उरलेला भाग आपोआप पेटतो. यालाच मेकॅनिक ‘नॉकिंग’ म्हणतात. रस्त्यावरच्या गाडीत ती ठकठक ऐकू येते. शर्यतीच्या इंजिनात काही क्षणांत पिस्टन फुटू शकतो. इंधन या आपोआप पेटण्याला किती काळ दाद देत नाही, याचे माप म्हणजे ऑक्टेन क्रमांक. पंपावरच्या साध्या पेट्रोलचा तो नव्वदीत असतो, इथेनॉलचा 108 च्या आसपास.

त्याहून मोलाचा आहे इथेनॉलचा दुसरा गुण. तळहातावर सॅनिटायझर घेतले की जो गारवा जाणवतो, तो हाच. मिश्रणाच्या एका किलो हवेमागे पेट्रोलची वाफ होताना सुमारे 25 किलोज्यूल उष्णता शोषली जाते, इथेनॉलची होताना सुमारे 100. हा चौपट गारवा टर्बोने तापवलेल्या हवेला सिलिंडरच्या आत मिळतो. माठाने पाणी गार करावे तसे हे इंधन जळण्याआधी इंजिनाला गार करते. मग टर्बोचा दाब वाढवता येतो आणि ठिणगी योग्य क्षणी, म्हणजे जरा आधी, टाकता येते. स्वीडनच्या कोनिगसेग कंपनीची जेस्को ही गाडी पाहा. तिचे पाच लिटरचे जुळ्या टर्बोचे इंजिन पेट्रोलवर 1280 अश्वशक्ती देते आणि ई-85 वर 1600. गाडी तीच, इंजिन तेच.

याची किंमतही मोजावी लागते. इंधनाचे पंप आणि इंजेक्टर मोठे लागतात, कारण दर सेकंदाला बरेच जास्त इंधन आत जायला हवे. साधे रबर आणि काही धातू इथेनॉलपुढे टिकत नाहीत. ते हवेतली ओल ओढून घेते. शिवाय अमेरिकेतील पंपांवर ‘ई-85’ नावाने मिळणाऱ्या इंधनात इथेनॉल 51 ते 83 टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते. 80 टक्क्यांच्या भरवशावर टर्बोचा दाब वाढवलेल्या इंजिनात 55 टक्क्यांचे इंधन पडले, की ते पुन्हा नॉकिंगच्या तोंडी जाते. म्हणून अशा गाड्यांत इंधनातले इथेनॉल मोजणारा सेन्सर बसवतात आणि इंजिनाचा संगणक त्यानुसार दाब व ठिणगीची वेळ बदलतो.

इथेनॉलचा हा गुण काल-परवा कळलेला नाही. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांनी 1921 मध्ये नॉकिंगवर शिशाच्या संयुगाचा उतारा शोधला, तेव्हा अल्कोहोलचा उताराही तिथल्या संशोधकांना ठाऊक होता. पण शिशाच्या मिश्रणाचे पेटंट घेता येत होते आणि ते चिमूटभर पुरत होते. जग शिशाकडे वळले. ते विष रस्त्यांवरून पुरते हटायला 2021 उजाडले. भारतात ते 2000 मध्ये बंद झाले.

इंडियानापोलिसला अल्कोहोलकडे नेले ते एका आगीने. 1964 च्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीत पेट्रोलचा भडका उडून एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड हे दोन चालक मरण पावले. त्यानंतर तिथे मिथेनॉल रूढ झाले. त्याची आग पाण्याने विझते, पण ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. 1981 मध्ये इंधन भरताना रिक मिअर्स आणि त्यांचे साथीदार अशाच न दिसणाऱ्या आगीत होरपळले. इथेनॉलची आगही पाण्याने विझते आणि त्यात थोडे पेट्रोल असले की ज्योत दिसते. त्यामुळे 2007 च्या बदलात वेगाइतकेच माणसाच्या जिवाचेही मोल होते.

आता उलट उदाहरण. फॉर्म्युला वनच्या गाड्यांतही टर्बो आहे. तिथे 2022 मध्ये दहा टक्के इथेनॉल सक्तीचे झाले. इथे ताकद वाढायला हवी होती. प्रत्यक्षात ते मिश्रण अडचणीचे ठरले. कारण नियमात आहे. 2014 पासून तिथे ताशी 100 किलोपेक्षा जास्त इंधन इंजिनात सोडायला बंदी होती. हवा हवी तेवढी घ्या, इंधन मोजून घ्या. अशा नियमात किलोमागे कमी ऊर्जा असलेले इंधन म्हणजे थेट तोटा. इंडियानापोलिसच्या नियमात टर्बोच्या दाबावर मर्यादा आहे, म्हणजे हवा मोजली जाते. तिथे तेच इथेनॉल खपून जाते. गुण द्रवात असतोच, पण तो कामी येतो की नाही, हे तुम्ही काय मोजता यावर ठरते.

आता आपल्या गाडीकडे येऊ. भारतात 2001 मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ या मिश्रणाचे पहिले प्रयोग झाले. आज आपले साखर कारखाने इथेनॉलवर बऱ्याच अंशी उभे आहेत आणि उसाचे पैसे वेळेवर मिळायला त्याची मदत होते, हे मी नाकारत नाही. पण रस्त्यावरच्या बहुतेक दुचाक्या आणि जुन्या मोटारी टर्बोविना आहेत. त्यांचे इंजिन जेवढा दाब देते, तेवढा साधे पेट्रोलही सोसते. जास्त ऑक्टेन तिथे जवळजवळ वायाच जाते. गारवा मिळतो, पण त्याचा फायदा घ्यायला वाढवता येईल असा दाबच नसतो. उरते ती लिटरमागची कमी ऊर्जा. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-20 च्या एका लिटरात ती सुमारे सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. शर्यतीच्या गाडीचा दाखला या गाड्यांना लागू होत नाही. तो लागू व्हायचा असेल तर इंजिने तशी बांधावी लागतील : दाब जास्त, टर्बो आणि सेन्सर बसवलेला, इथेनॉलला टिकणारे रबर.

फॉर्म्युला वनने 2026 च्या नियमांत मोजण्याची पद्धतच बदलली. इंधनाचा प्रवाह आता वजनात मोजला जात नाही. ताशी 3000 मेगाज्यूल, अशी ऊर्जेतच मर्यादा ठरली. इंधन कोणते, याने मग संघांचा हिशेब बिघडत नाही. आपला पेट्रोल पंप मात्र अजून लिटरनेच मोजतो आणि लिटरचेच पैसे घेतो. त्या लिटरातली ऊर्जा कमी झाली, तर भावात त्याचा हिशेब दिसायला हवा. इथेनॉल चांगले की वाईट या वादात हा साधा प्रश्न मागे पडतो, आणि ग्राहक म्हणून तोच आपण आधी विचारायला हवा.