केस गळाले म्हणून मान खाली का?

आमच्या दिग्रसला शेजारची एक पोर महिनाभर डोक्याचा स्कार्फच काढत नव्हती. बाहेर ऊन-धूळ असते, ते ठीक, पण घरातसुद्धा? शेवटी एक दिवस माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडायलाच लागली. ‘काकू, केस मुठीमुठीनं येऊन राहिले. उद्या पाहुणे पाहायला आले तर?’ जास्वंदीचं तेल, माका, कांद्याचा रस, सगळं करून झालं होतं. फक्त डॉक्टर तेवढे राहिले होते!

तिला पाहून मला आपल्या विदर्भातलीच बुलडाणा जिल्ह्यातली ती गावं आठवली. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत विचित्रच प्रकार सुरू झाला. आधी डोक्याला खाज, मग केस हातात येणं आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, पुरुष, लहान पोरं, कोणीच सुटलं नाही. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक तपासणीला आलं.

विंचूदंशावरच्या संशोधनामुळे परिचित असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही या रुग्णांचा अभ्यास केला. १८ गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाल्याचं त्यांनी नोंदवलं. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम वाढलेलं, तर जस्त कमी झालेलं त्यांना आढळलं. हे सेलेनियम बाहेरून आलेल्या रेशनच्या गव्हातून पोटात गेलं, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो गहू खाणं थांबवल्यावर पाच-सहा आठवड्यांत काहींचे केस पुन्हा येऊ लागले, असंही त्यांनी सांगितलं.

सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी चिमूटभर. जास्त झालं की केस आणि नखांवर परिणाम दिसतो. म्हणजे बघा, लोक डोक्याला तेल चोळत होते आणि संशयाची सुई निघाली थेट ताटाकडे!

पण त्या गावांतल्या तरुण मुलींचं दुःख टकलापेक्षाही मोठं होतं. लाजेनं कॉलेज सुटलं, जमत आलेली लग्नं अडली. हे दुःख कुठल्या तपासणीत दिसणार?

केसगळतीची कारणं अनेक असतात, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं तर सामान्यच आहे. बाळंतपण, टायफॉइड, डेंग्यू किंवा मोठं ऑपरेशन झालं, की दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात. पण मुळं शाबूत असल्यानं ते बहुधा परत येतात. अंगात लोह कमी असेल किंवा थायरॉइड बिघडला असेल, तर आधी त्यावर इलाज हवा. रुपयाएवढा गोल चट्टा पडला, की आपण ‘चाई पडली’ म्हणतो आणि वस्तरा फिरवून लसूण चोळतो. खरं तर त्यात आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर हल्ला करते. चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही. चट्ट्यात इंजेक्शन देऊन गुण येऊ शकतो. जास्त पसरलेल्या चाईसाठी बॅरिसिटिनिब या गोळीला जून २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण तिचे दुष्परिणाम आहेत, त्यामुळे ती त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते.

आमच्या त्या पोरीला डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘दोन-तीन महिन्यांत मोठा ताप आला होता का?’ आला होता, डेंग्यूच! रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिनही कमी. गोळ्या सुरू झाल्या, ताटात पालेभाजी-उसळ वाढली आणि चार-पाच महिन्यांत कपाळावर बारीक लव दिसू लागली.

मैत्रिणींनो, ताप आला तर आपण लपवतो का? मग केस गळाले तर का लपवायचं? आधी कारण शोधा, तेलाची बाटली नंतर. आणि घरातल्या लेकी-सुनांना ‘तू नीट तेलच लावत नाहीस’ असं म्हणण्याआधी एवढंच विचारा, ‘बाई, तब्येत बरी आहे ना तुझी?’