कर्बद्विप्राणिद वायूचे क्षपण करणारा विद्युत्-घट

पाण्याच्या विद्युत् अपघटनाचा प्रयोग वरच्या इयत्तांच्या वर्गात सहज करून दाखविता येतो. पेलाभर पाणी, त्यात चमचाभर धुण्याचा सोडा, शिसपेन्सिलीतील दोन कांड्या (या कांड्या ग्रॅफाइटच्या असतात, शिशाच्या नव्हेत) आणि नऊ व्होल्टची बॅटरी एवढ्या साहित्यावर तो पार पडतो. सोड्याऐवजी मीठ मात्र घालू नये, कारण त्यामुळे धनाग्रावर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. ऋणाग्रावर हायड्रोजनचे व धनाग्रावर प्राणवायूचे बुडबुडे उठू लागले, की एखादा चौकस विद्यार्थी विचारतो: पाणी विजेने फुटते, तर कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा कर्बद्विप्राणिद वायू का फुटू नये?

ही शंका योग्य आहे. पाठ्यपुस्तकांत ज्यास कार्बन डायऑक्साइड म्हटले आहे, तो हा वायू विजेने फोडून त्यापासून उपयुक्त पदार्थ करण्याचे प्रयत्न जगातील अनेक प्रयोगशाळांतून चालू आहेत, आणि ‘हवेपासून इंधन’ अशा मथळ्यांखाली येणाऱ्या कित्येक वार्तांच्या मुळाशी असाच घट असतो. त्याची रचना व अडचणी शिक्षकास ठाऊक असल्यास विद्यार्थ्याचे समाधान नुसत्या ‘होय’ वा ‘नाही’ यापेक्षा अधिक चांगल्या रीतीने करता येईल.

क्षपण म्हणजे एखाद्या पदार्थातील प्राणवायू काढून घेणे, अथवा अधिक व्यापक अर्थाने त्यास इलेक्ट्रॉन देणे. या वायूच्या एका रेणूस दोन इलेक्ट्रॉन मिळाले तर कार्बन मोनॉक्साइड किंवा फॉर्मिक आम्ल तयार होते. आठ मिळाले तर मिथेन होतो. आणि दोन रेणूंस मिळून बारा मिळाले तर इथिलीन होते. कार्बन मोनॉक्साइड व प्राणवायू असे विभाजन होण्यास तत्त्वतः १.३४ व्होल्ट पुरतात. पाणी फुटण्यास १.२३ व्होल्ट लागतात. दोन्ही आकडे इतके जवळ असल्यामुळे आणि घटात पाण्याचीच रेलचेल असल्यामुळे ऋणाग्रावर वायूऐवजी पाणीच फुटू पाहते व हायड्रोजन निघतो.

ही स्पर्धा कोण जिंकतो हे प्रथम धातूवर अवलंबून असते. जपानमधील चिबा विद्यापीठाचे योशिओ होरी व त्यांचे सहकारी यांनी अनेक धातूंची ऋणाग्रे करून पाहिली. सोने व चांदी यांवर कार्बन मोनॉक्साइड, कथील व शिसे यांवर फॉर्मिक आम्लाचा क्षार, तर लोखंड, निकेल व प्लॅटिनम यांवर बहुतांशी हायड्रोजनच मिळतो, असे दिसून आले. तांबे मात्र सर्वांहून निराळे ठरले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात तांब्यावर मिथेन मिळाल्याची नोंद आहे, आणि पुढे इथिलीनही मिळाले. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू चांदीवर टिकत नाही, प्लॅटिनमवर घट्ट चिकटून बसतो. तांबे त्यास बेताने धरते, म्हणून पुढची क्रिया होण्यास अवसर मिळतो.

परंतु उत्तम धातू सापडला म्हणजे उत्तम घट झाला असे नव्हे. वायू त्या धातूपर्यंत पोहोचला पाहिजे. साधारण २५ अंश तापमानास एक लिटर पाण्यात हा वायू जेमतेम दीड ग्रॅम विरघळतो व पाण्यातून फार मंद गतीने सरकतो. त्यामुळे साध्या पेल्यासारख्या घटात ऋणाग्राच्या दर चौरस सेंटिमीटरमागे या क्रियेस ०.०५ ॲम्पियरहून अधिक प्रवाह सहसा मिळत नाही. यावर उपाय म्हणून सच्छिद्र कार्बनच्या कागदावर धातूचे सूक्ष्म कण बसवितात, त्याच्या एका बाजूने वायू खेळवितात आणि दुसऱ्या बाजूस द्रव ठेवतात. कागदास टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा लेप दिल्याने अळवाच्या पानावरून पाणी निथळावे तसे ते निथळते व छिद्रे वायूसाठी मोकळी राहतात. आता वायूला पाण्याचा केवळ एक अतिशय पातळ थर ओलांडावा लागतो, आणि प्रवाह ०.२ पासून १ ॲम्पियरपर्यंतही चढविता येतो. कालांतराने लेपाचा गुण उणावला, की छिद्रांत पाणी शिरते आणि घट पुन्हा हायड्रोजनच देऊ लागतो.

सर्वांत मोठी गळती मात्र निराळीच आहे, आणि ती समजावून देण्याचे साधन प्रत्येक शाळेत आहे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले असता ती दुधाळ होते, कारण श्वासातील कर्बद्विप्राणिद वायू अल्कधर्मी पाण्यात शिरताच त्याचे कार्बोनेट बनते. घटातही हेच घडते. वायूच्या एका रेणूपासून कार्बन मोनॉक्साइड होताना ऋणाग्राजवळ दोन हायड्रॉक्साइड आयन उत्पन्न होतात, आणि ते दोघे मिळून वायूच्या आणखी एका रेणूस कार्बोनेटमध्ये अडकवितात. ऋण आयनांना वाट देणारा पडदा दोन अग्रांमध्ये असेल, तर हे कार्बोनेट पलीकडे धनाग्राकडे जाते व तेथे वायू पुन्हा मोकळा होऊन प्राणवायूत मिसळतो. म्हणजे घटात घातलेल्या वायूपैकी फार तर निम्मा कामी येतो. इथिलीनच्या बाबतीत हिशेब याहूनही वाईट आहे: वायूच्या दोन रेणूंचे इथिलीन होत असता बारा हायड्रॉक्साइड आयन तयार होतात व ते आणखी सहा रेणू पकडतात, म्हणून उपयोगी लागणारा भाग चौथा हिस्साच राहतो. शिवाय द्रवातील पोटॅशियमशी संयोग होऊन कार्बोनेटाचे स्फटिक त्या सच्छिद्र कागदातच साचतात व वायूची वाट बुजवितात. पडदा आणि दोन्ही अग्रे एकमेकांस चिकटवून ठेवल्यास द्रवाचा रोध घटतो व वीज वाचते, पण हे स्फटिक अशा रचनेतही पिच्छा सोडीत नाहीत.

आम्लात कार्बोनेट टिकत नाही हे मुलांनाही ठाऊक असते. खडूवर लिंबाचा रस पिळला की तो फसफसतो. मग घटच आम्लधर्मी का करू नये? तसे केल्यास हायड्रोजन जोराने निघू लागतो, आणि ही पेचाची जागा पुष्कळ काळ सुटली नव्हती. २०२१ साली टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांनी तीव्र आम्लात पोटॅशियमचे आयन तांब्यापाशी दाटीने ठेवून व प्रवाह खूप वाढवून एका फेरीत तीन-चतुर्थांशाहून अधिक वायू उपयोगात आणून दाखविला.

पाणी अजिबात न वापरणारा मार्गही आहे. ‘पर्सिव्हिअरन्स’ या यानाबरोबर मंगळावर गेलेल्या ‘मॉक्सी’ नावाच्या उपकरणात द्रवाऐवजी झिर्कोनियायुक्त सिरॅमिकचा पडदा असून तो सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवावा लागतो. मंगळाचे वातावरण विरळ असले तरी त्यात सुमारे ९५ टक्के हाच वायू आहे. २० एप्रिल २०२१ रोजी या घटाने प्रथमच सुमारे ५.४ ग्रॅम प्राणवायू तयार केला. २०२३ पर्यंतच्या १६ खेपांत मिळून १२२ ग्रॅम झाला. तेथेही पथ्ये आहेतच. दाब जास्त झाला तर कार्बनची काजळी धरते, आणि ऋणाग्रातील निकेल गंजू नये म्हणून निघालेल्या कार्बन मोनॉक्साइडचा काही भाग परत आत सोडावा लागतो.

आता विजेचा हिशेब. ४४ ग्रॅम वायूचे कार्बन मोनॉक्साइड करण्यास सुमारे १,९३,००० कूलोंब विद्युत्भार लागतो. तत्त्वतः १.३४ व्होल्ट पुरत असले तरी चालत्या घटास सुमारे ३ व्होल्ट द्यावे लागतात. त्यावरून एक किलोग्रॅम वायूस ३.६५ युनिट वीज पडते. हायड्रोजनपायी होणारा अपव्यय यात धरलेला नाही. कोळशाच्या केंद्रात एक युनिट वीज निर्माण होताना सुमारे एक किलोग्रॅम कर्बद्विप्राणिद वायू हवेत जातो. तेव्हा चंद्रपूर वा कोराडी येथील कोळशाच्या विजेवर हा घट चालविला, तर एक किलोग्रॅम फोडण्यासाठी साडेतीन किलोग्रॅमहून अधिक नवा निर्माण होईल. सूर्याच्या, वाऱ्याच्या किंवा धरणाच्या विजेवरच या घटाला अर्थ आहे, आणि वृत्तपत्रातील वार्ता वाचून दाखविताना वीज कोठून आली हा प्रश्न मुलांनी अवश्य विचारावा.

एखाद्या विद्यार्थ्याने पेल्यातील सोड्याच्या पाण्यात पुष्कळ वेळ फुंकून, ऋणाग्रास तांब्याची तार जोडून हा प्रयोग करून पाहण्याचा हट्ट धरला, तर त्यास अवश्य करू द्यावा. तारेवर उठणारे बुडबुडे जवळजवळ सर्व हायड्रोजनचेच असतील. ते का, हे त्याला वरील अडचणींवरून स्वतःच शोधून काढता येईल.