फोन तर लागला, पण बोलायचं काय?



आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली की घरच्या गोष्टी निघतात. मागच्या उन्हाळ्यात साठी ओलांडलेल्या एक मावशी म्हणाल्या, "नातू नागपूरले शिकते. रविवारी फोन करते. 'जेवली का आजी?' म्हणते. मी 'हो' म्हणतो. मंग तो बी चूप, मी बी चूप." आम्ही हसलो, पण त्या हसल्या नाहीत. "तो आता फोन करनं बी बंद करन," एवढंच म्हणाल्या.

घरोघरी चौकशी केली तेव्हा कळलं, हे फक्त मावशींचं नाही. पूर्वी नातवंडं आजीसोबत मोहफुलं वेचायला जायची, तेंदूपत्त्याचे पुडे बांधायला बसायची. एका पुड्यात ७० पानं मोजता मोजता अंकही यायचे आणि गोष्टीही व्हायच्या. आता लेकरू लहानपणीच आश्रमशाळेत जातं, मोठं झालं की शहरात. धान निघालं की आई-बाप मिरची तोडायला तेलंगणात. माया कमी झाली नाही. सोबतीचं काम तुटलं. काम तुटलं म्हणून बोलणं आटलं. नुसत्या 'कसा आहेस'वर बोलणं किती चालणार?

म्हणून आम्ही गटात काही गोष्टी करून पाहिल्या. त्या तुम्हालाही सांगतो.

पहिली, चौकशीऐवजी काम सांगा. "घरामागच्या मोहाला यंदा फूल कमी आलं, तिकडच्या झाडांना कसं आहे ते पाहून सांग," असं म्हटलं की नातवाला पुन्हा फोन करायला कारण मिळतं. त्यालाही काम सांगू द्या. बँकेचा मेसेज वाचून घ्या, पेन्शन जमा झाली का विचारा. शिकवणारा नातू आजीला जास्त जवळचा होतो.

दुसरी, आवाज पाठवा. लिहिता येत नसलं तरी अडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नातवाच्या नावावर जाऊन माईकचं चिन्ह दाबून धरायचं, बोलायचं, बोट सोडायचं. भामरागड, एटापल्ली, जिवती भागात सगळीकडे रेंज नसते. अशा वेळी निरोप फोनमध्ये थांबून राहतो आणि रेंजमध्ये आलं की आपोआप जातो. नातूही सवडीने ऐकतो, पुन्हा पुन्हा ऐकतो. एका वेळी एकच गोष्ट सांगा, दोन मिनिटांची.

तिसरी, आपली बोली सोडू नका. गोंडी, माडिया बोलणाऱ्या आजी फोनवर मुद्दाम तुटकी मराठी बोलतात, नातवाला लाज वाटू नये म्हणून. मग मनातलं मनातच राहतं. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख होते. ही काही लहान भाषा नाही. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळाच सुरू केली. नातवाला कमी समजत असेल तर एक वाक्य आपल्या बोलीत, तेच मराठीत असं बोला. झाडांची, पाखरांची, नात्यांची नावं मात्र आपलीच ठेवा.

चौथी, भेटीचे दिवस आधीच ठरवा. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक असतं. लेकी-जावई, नातवंडं त्या निमित्ताने येतात. आमच्या झाडीपट्टीतली ही मोठी सोय आहे. पण लेकरं येतात, रात्रभर नाटक पाहतात, दिवसा झोपतात आणि जातात. म्हणून एक सकाळ आजीसाठी राखून ठेवायला आधीच सांगा. आश्रमशाळेतल्या लेकरांकडे फोन नसतो. त्यांना भेटायच्या दिवशी आई-बाप मजुरीला गेले असतील तर आजी-आबाजींनी जावं.

मार्च-एप्रिलमध्ये नातवंडं घरी असली तर मोह वेचायला न्या, पण अंधारात आणि एकटं नाही. वाघाची भीती खरी आहे. चार जणी मिळून, उजाडल्यावर, बोलत बोलत जा. झाडाखालचा पाला जाळू नका, झाडून घ्या. वणवा कसा लागतो तेही तिथेच सांगा. हे पुस्तकापेक्षा आजीकडून लवकर कळतं.

सुनांनाही एक सांगणं. फोन लावून आधी सासूच्या हाती द्या आणि थोडं बाजूला व्हा. सगळ्यांसमोर म्हातारं माणूस मोकळं बोलत नाही. आणि आजींनो, फोनवर नातवाजवळ सुनेची तक्रार नको. लेकरू दोघींच्या मध्ये सापडलं की फोनच टाळतं. घरात खरंच हाल होत असतील तर गप्प राहू नका. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत क्रमांक आहे, गटातल्या कोणीही लावून देईल.

त्या मावशींनी पहिला निरोप पाठवला तो अंबाडीच्या भाजीचा. नातू खोली करून राहतो, हातानेच रांधतो. अर्धीच कृती गेली, कारण बोट आधीच सुटलं. बुधवारी त्याचाच फोन आला, "आजी, पुढं काय टाकू?"

आता मावशी कृती मुद्दाम अर्धीच सांगतात.