पत्र्याच्या भोकातला सूर्य

छताच्या पत्र्याला पडलेलं भोक सहसा गोल नसतं. खिळा उपसताना पत्रा फाटतो, गंज कडेनं खात जातो, माकडांनी उड्या मारल्या की वायसर निघून तिथं वेडावाकडा दात राहतो. आणि तरी त्याच भोकातून खाली फरशीवर पडणारा कवडसा बघा, चक्क गोल. जालना जिल्ह्यातलं जांब समर्थ घ्या नाहीतर मराठवाड्यातलं कुठलंही गाव घ्या, पत्र्याच्या खोलीत भर दुपारी पाठ टेकलेल्या प्रत्येकानं हे पाहिलेलं असतं. भोक तीनकोनी असताना उजेड गोल का, ही शंका मात्र फार थोड्यांना येते.

उत्तर ऐकलं की दुसऱ्यांदा त्या कवडशाकडे तसं बघवत नाही. ती भोकाची आकृती नव्हेच, ते सूर्याचं चित्र आहे. पंधरा कोटी किलोमीटरवरच्या सूर्याचं, कुठलीही काच न वापरता फरशीवर उमटलेलं, जिवंत चित्र. लिंबाच्या सावलीत जे उजेडाचे शेकडो ठिपके हलत असतात, तेही सगळे सूर्यच. पानापानांतल्या फटी त्यांची भोकं.

पटत नसेल तर ग्रहणाची वाट पाहा. 26 डिसेंबर 2019 ला सकाळी केरळ-तामिळनाडूत सूर्याचं कंकण झालं, आपल्याकडे खंडग्रास होतं. पुढच्याच वर्षी, टाळेबंदीच्या दिवसांत, 21 जूनला पुन्हा खंडग्रास. अशा वेळी जिथं ढग नसतील तिथं झाडाखालचा प्रत्येक ठिपका कोरीचा होतो, पत्र्याखालचा प्रत्येक कवडसा कोरीचा होतो. भोकं होती तशीच असतात, बदललेला असतो तो सूर्य.

ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्रश्नसंग्रहात नेमका हाच प्रश्न आहे: चौकोनी फटीतून येणारा उजेड गोल का, आणि ग्रहणात कोरीचा का? पुरतं उत्तर मिळायला पुढं तेराशे-चौदाशे वर्षं गेली. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैथमनं अकराव्या शतकात ग्रहणाच्या आकारावर स्वतंत्र लेखच लिहिला आणि कोर दिसायची तर भोक पुरेसं लहान हवं, हे दाखवून दिलं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की या माणसाला लागलेली सामग्री आपल्या प्रत्येकाच्या घरात पडलेली आहे.

आता टेप घ्या. पत्र्यापासून फरशीपर्यंत तीन मीटर अंतर असेल आणि ऊन डोक्यावर असेल, तर कवडसा साधारण 28 मिलिमीटर रुंद भरतो. (भोकाची रुंदी त्यातून वजा करायची, म्हणून भोक जितकं लहान तितकं बरं. ऊन तिरपं असेल तर कवडसा लांबट होतो. तेव्हा पुठ्ठा उन्हाच्या समोर काटकोनात धरायचा.) तीन मीटरला 28 मिलिमीटरनं भागलं की 107 येतात. सहा मीटर उंचीच्या गोदामात कवडसा दुप्पट होईल, भागाकार तोच राहील. दहावीच्या भूमितीचा पहिला पाठ समरूपतेचा. इथं भोकाच्या खाली एक छोटा त्रिकोण आहे आणि भोकाच्या वर एक महाप्रचंड. खालच्या त्रिकोणाचं गुणोत्तर मोजलं की वरच्याचं आपोआप कळलं. सूर्य जितका लांब आहे, त्याच्या सुमारे एकशेसातव्या-आठव्या हिश्शाएवढा तो रुंद आहे. पंधरा कोटी किलोमीटरला भागा, सूर्याचा व्यास हाती येतो: जवळजवळ चौदा लाख किलोमीटर. खर्च, एक टेप.

जपमाळेतही मणी 108 असतात. ज्या जांबच्या नारायणानं, म्हणजे समर्थ रामदासांनी, पुढं नाशिकजवळ टाकळीला तेरा कोटी जप केला असं परंपरा सांगते, त्या गावात ही गोष्ट न आठवणं अवघड. पण योगायोगाला योगायोग म्हणूनच भेटावं. मोजमाप नीट केलं तर उत्तर वर्षाच्या सरासरीनं 107 आणि 108 च्या मध्येच कुठंतरी येतं.

जांबचं सूर्याशी नातं मात्र जुनं आहे. समर्थांचे वडील सूर्याजीपंत ठोसर सूर्योपासक होते, असं चरित्रकार सांगतात. समर्थांचा जन्म शके 1530 चा, म्हणजे 1608 चा, रामनवमीचा, तोही ऐन मध्यान्हीचा. आता हा मध्यान्ह घड्याळात कधी होतो? आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी रेखांशाच्या सूर्यावर, आणि जांब आहे साधारण 76 अंशांवर. प्रत्येक अंशाला चार मिनिटं धरली तर जांबचा सूर्य घड्याळाच्या सव्वीस मिनिटं मागं. चैत्रात आणखी दोन-तीन मिनिटं जातात. थोडक्यात, रामजन्माला बाराचा टोल पडतो तेव्हा सूर्य माथ्याच्या रेषेवर यायला अजून जवळजवळ अर्धा तास असतो. समर्थांच्या काळी हा प्रश्नच नव्हता, तेव्हा मध्यान्ह सूर्यच ठरवायचा.

हा खरा मध्यान्ह कवडसा दाखवतो. भोकाखाली ओळंबा सोडायचा, तो जिथं टेकेल तिथून बरोबर उत्तर-दक्षिण रेघ फरशीवर मारायची. कवडसा पश्चिमेकडून पूर्वेला सरकत येतो आणि रेघेवर आला की मध्यान्ह. तो सरकताना डोळ्यांना दिसतो, हे मला दर वेळी नवल वाटतं: तीन मीटरच्या छताखाली मिनिटाला सव्वा सेंटिमीटर, म्हणजे जवळपास दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा. सरकते ती खरं तर फरशी, आपल्या सगळ्यांना घेऊन.

वर्षभर रोज मध्यान्ही रेघेवर खूण केली तर फरशीचं पंचांग होतं. डिसेंबरच्या शेवटी कवडसा ओळंब्यापासून पावणेतीन मीटर उत्तरेला पडतो. तिथून दक्षिणेकडे सरकत सरकत मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो ओळंब्याच्या टोकाखाली येतो. त्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाला सावली नसते. जूनमध्ये तो पलीकडे, दक्षिणेला वीतभर जाऊन परत फिरतो. इटलीतल्या बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीनं 1655 मध्ये हेच केलं. भोक सत्तावीस मीटर उंच, फरशीवर सदुसष्ट मीटरांची रेघ. युरोपातलं चर्च त्या काळी सूर्याचं सगळ्यात मोठं मोजमाप-यंत्र होतं. केप्लरकडे तेवढं चर्चही नव्हतं. मे 1607 मध्ये प्रागमधल्या घराच्या माळ्यावर, छताच्या फळ्यांच्या फटीतून आलेल्या कवडशात त्याला एक बारीक काळा ठिपका दिसला. बुध सूर्यासमोरून चालला आहे असं त्याला वाटलं. तो होता सौरडाग. दुर्बीण जगापुढं आली त्याच्या पुढच्या वर्षी.

पण सूर्य हा तेजाचा गोळा म्हणून उमटतो, बाकीच्या वस्तूंचं काय? तीही चित्रं पडतच असतात, एवढंच की दिसत नाहीत. खोलीबाहेरच्या लिंबाच्या प्रत्येक पानाकडून उजेड सगळीकडे सुटलेला असतो. तो भिंतीच्या प्रत्येक बिंदूवर येतो. आभाळाचा येतो, समोरच्या घराचा येतो, रस्त्याचा येतो. सगळं एकदम सगळीकडे आल्यावर यात्रेत दहा भोंगे एकाच वेळी लागल्यासारखं होतं, गाणी सगळी आहेत आणि ऐकू एकही येत नाही. भिंत नुसती उजळते. भोक काय करतं? ते बहुतेक सगळा उजेड अडवतं. पानाकडून निघालेल्या हजारो किरणांपैकी एकच बारीक शलाका आत सोडतं, आणि ती सरळ रेषेत जाते म्हणून भिंतीवर त्या पानाला एकच जागा मिळते. वरचं खाली जातं, डावं उजवीकडे. चित्र आधीपासूनच उजेडात असतं. भोक ते रेखाटत नाही, गर्दी हटवतं.

म्हणून ज्या खोलीची खिडकी उन्हात न्हालेल्या रस्त्याकडे आहे, ती खोली दुपारी पूर्ण काळोखी करून त्या खिडकीला सेंटिमीटरभर भोक ठेवलं की समोरच्या पांढऱ्या भिंतीवर रस्ता उलटा चालू लागतो. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला पाच-दहा मिनिटं द्यायची. मग रंग दिसतात: आभाळ पायाशी निळं, त्यातून डोकं खाली करून चाललेली माणसं. हंपीला गेलेल्या पुष्कळांनी विरूपाक्ष मंदिरात हे पाहिलं असेल. आतल्या एका दालनात गोपुराची उलटी सावली भिंतीवर पडते. गाइड तिला चमत्कार म्हणतो, आणि या बाबतीत त्याचं फारसं चुकत नाही.

हीच खोली हातात धरायची झाली की पिनहोल कॅमेरा. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून मुलांना विज्ञान दाखवलं, त्या पंक्तीत हा कॅमेरा हक्कानं बसतो. दूध पावडरचा रिकामा डबा घ्या. बुडाला मोठं भोक पाडा आणि त्यावर खरं भोक असलेला पातळ पत्रा चिकटवा. त्या खऱ्या भोकात सगळी कला आहे. थंड पेयाच्या कॅनचा ॲल्युमिनियमचा तुकडा कात्रीनं कापायचा, पुठ्ठ्यावर ठेवायचा, बारीक शिवणसुईचं टोक नुसतं टेकवून फिरवायचं. पाठीमागं जो उंचवटा येतो तो पॉलिश पेपरनं घासायचा, पुन्हा टोक फिरवायचं, पुन्हा घासायचं. कड उजेडात धरून पाहावी. तिच्यावर एखादं कूस राहिलं तर चित्राला धुरकट झालर येते.

भोक किती लहान? इथं निसर्ग जरा आडवा येतो. मोठं असेल तर चित्र फिसकटतं हे कळतं. पण फार लहान केलं तरी फिसकटतं, कारण बारीक फटीतून जाताना उजेड लाटेसारखा पसरतो. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेनं 1891 मध्ये यावर हिशेब मांडला. त्यानुसार दहा सेंटिमीटर खोल डब्याला साधारण 0.4 मिलिमीटरचं भोक उत्तम. सुईच्या टोकाचंच काम.

झाकणाच्या बाजूला बटर पेपर ताणून रबर लावायचं. बटर पेपर नसेल तर वहीचा कागद गोडेतेल चोळल्यावर अर्धपारदर्शक होतो. मग डब्याचं भोक उन्हातल्या झाडाकडे, आणि डोकं-डबा दोन्ही घोंगडीखाली. चांगली काळी, दाट विणीची घोंगडी असेल तर आतला अंधार इतका पक्का होतो की कागदावर लिंब उभा राहतो. उभा म्हणजे उलटा. वारा आला की त्याच्या फांद्या हलतात. एवढंसं चित्र, पण जवळचं पान आणि लांबची मोसंबीची बाग दोन्ही सारखीच स्पष्ट, कारण भिंग नाही म्हणून फोकसही नाही. नॉटिलस नावाचा समुद्रातला शंखवाला जीव असाच भिंगाविना डोळा घेऊन कोट्यवधी वर्षं जगतो आहे. एकच पथ्य: भोकाला डोळा लावून सूर्याकडे बघायचं नाही. सूर्याला पाठ करून त्याचं चित्र बघायचं.

चित्र टिकवायचं तर बटर पेपरच्या जागी कृष्णधवल फोटो पेपर. भर उन्हात मिनिट-दोन मिनिटं भोक उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात रस्त्यावरून गेलेली बैलगाडी, मोटारसायकल, माणूस यांतलं काहीच कागदावर राहत नाही. राहतं ते फक्त जे थांबलं ते. लाल दिवा, डेव्हलपर, फिक्सर ही पुढची सगळी खटपट आहे, ज्यांना आवड आहे त्यांनी करावी.

मला मोह आहे तो दुसऱ्या प्रकाराचा, ज्यात डेव्हलपरच लागत नाही. फोटो पेपर गोल डब्यात आतून गुंडाळून लावायचा, डबा सगळीकडून काळ्या चिकटपट्टीनं बंद करायचा, भोक दक्षिणेकडे करून 21 डिसेंबरच्या सुमारास गच्चीच्या कठड्याला घट्ट बांधायचा आणि विसरून जायचं. सूर्य रोज त्या कागदावर एक कमान ओढतो. दुसऱ्या दिवशी तिच्या जराशी वर दुसरी. ढगाळ दिवशी रेघ तुटते. जांबच्या अक्षांशावर डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 47 अंश वर असतो, तिथून कमानी चढत चढत मेमध्ये थेट डोक्यावर जातात आणि दक्षिणेला तोंड केलेल्या डब्याच्या नजरेतून वरच्या वर सुटतात. कागद उघडल्यावर तपकिरी-जांभळ्या रंगात कित्येक आठवड्यांचं ऊन रेघारेघांनी दिसतं, खाली न हललेली घरं आणि झाडं.

तो कागद धुवायचा नाही, फिक्सही करायचा नाही. अंधुक उजेडात काढून थेट स्कॅनरवर ठेवायचा आणि मग संगणकात काळ्याचं पांढरं करून घ्यायचं. स्कॅनरचा दिवाही त्या कागदाला काळवंडतो, तेव्हा स्कॅन एकदाच, पहिल्याच वेळी मोठ्या आकारात. आणि डबा मेअखेरीला, पहिला पाऊस यायच्या आधी उतरवायचा. आत ओल शिरली तर कागद डब्याला चिकटतो आणि सोडवताना चित्राचा पापुद्रा पत्र्यावरच राहतो.