होम लोनचे पैसे येतात कुठून?

एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी हा मजकूर, बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' जरा कमी करून.

समजा बँकेने तुम्हाला ३० लाखांचं होम लोन दिलं. हे पैसे कुणाचे? आपल्याला वाटतं, कुणीतरी काकांनी एफडी केली, तीच बँकेने आपल्याला फिरवून दिली. पण त्या दिवशी काकांच्या एफडीतून एक रुपयाही कमी होत नाही. मग?

बँक दोन नोंदी करते, बस. एकीकडे लिहिते, 'यांच्याकडून ३० लाख येणे.' दुसरीकडे, 'खात्यात ३० लाख जमा.' ही जमा नवी आहे, काल ती कुठेच नव्हती. हे कुठल्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डमधलं नाही बरं का, बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये आपल्या तिमाही अंकात हेच सरळ लिहिलंय. आणि तुम्ही ईएमआय भरता तेव्हा मुद्दलाइतका पैसा पुन्हा नाहीसा होतो.

भारतात लोकांच्या हातातल्या नोटा-नाणी म्हणजे एकूण पैशाचा साधारण सातवा हिस्सा. बाकी सगळ्या बँकांतल्या ठेवी. यूपीआयने चहाचे २० रुपये देता तेव्हा तुम्ही बँकेचं एक वचन टपरीवाल्याला देत असता. आणि वचनच ते! सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा मुंबईतल्या खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. स्क्रीनवर बॅलन्स दिसतोय, हातात काही नाही. ठेवीवरचा विमा तेव्हा १ लाखाचा होता, फेब्रुवारी २०२० मध्ये तो ५ लाख झाला.

मग बँका वाट्टेल तेवढा पैसा छापतात का? नाही. बिल्डरचं खातं दुसऱ्या बँकेत असेल तर आपल्या बँकेला रिझर्व्ह बँकेतल्या स्वतःच्या खात्यातून ती रक्कम चुकती करावी लागते. म्हणून तर एफडीच्या एवढ्या जाहिराती. शिवाय कर्ज बुडालं तर फटका बँकेच्या भांडवलाला बसतो.

यूट्यूबवर एक दावा फार फिरतो: मुद्दल निर्माण होतं, व्याज होत नाही, म्हणून कुणीतरी बुडणारच. हे अर्धवट आहे. व्याजातून बँक पगार देते, भाडं देते, डिव्हिडंड देते. तो पैसा बाजारात परत येतो आणि पुढचा हप्ता त्यातूनच जातो. पण सगळ्यांनी एकदम कर्ज फेडायला घेतलं आणि नवं कुणी घेईना, की पैसा खरंच आटतो. दावा करणाऱ्यांची भीती तिथे खोटी नाही.

स्वित्झर्लंडमध्ये तर यावर मतदान झालं! १० जून २०१८. प्रस्ताव असा, की पैसा फक्त तिथल्या मध्यवर्ती बँकेनेच निर्माण करावा. गंमत म्हणजे ती बँक स्वतःच विरोधात होती. सुमारे ७६ टक्के लोकांनी 'नको' म्हटलं.

माझं मत? 'नको' समजण्यासारखं आहे. शुम्पेटर या अर्थतज्ज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, की खिशात पैसे नसलेल्या उद्योजकाला बँकेचं कर्ज मिळतं म्हणून भांडवलशाही पुढे सरकते. पण तोच नवा पैसा कारखान्याऐवजी आधीच बांधलेल्या फ्लॅटमागे लागला तर फ्लॅट वाढत नाहीत, भाव वाढतात. मग पुढच्याला ३० ऐवजी ४० लाखांचं लोन लागतं, आणि बँक तेही लिहून देते, कारण फ्लॅट तारण आहे. वर्कशॉप टाकायला निघालेल्या पोराकडे तारण काय? त्याचा अर्ज त्याच टेबलावर पडून असतो. नवा पैसा आधी कुणाच्या खात्यात उमटणार, हे त्या टेबलावर ठरतं आणि त्यासाठी आपण कुणीच मत दिलेलं नसतं.