कुष्ठजंतूच्या आवरणावरील शर्करा

२०२० पर्यंत सिल्वासा ही राजधानी असलेल्या दादरा आणि नगर हवेलीत वारली, कोकणा, धोडिया आदी आदिवासी समाजांची मोठी वस्ती असून, कुष्ठरोगाचे प्रमाण दीर्घकाळ अधिक राहिलेल्या भागांत या प्रदेशाची गणना होते. रुग्णाच्या सहवासातील माणसांना रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकाची एकच मात्रा देऊन रोग आधीच रोखण्याचा जो आंतरराष्ट्रीय उपक्रम आखला गेला, त्याचे भारतातील काम २०१५ मध्ये याच प्रदेशात सुरू झाले. अशा प्रतिबंधाची गरज का भासते, याचे उत्तर बऱ्याच अंशी जंतूच्या आवरणावरील शर्करांमध्ये सापडते.

मानवी पेशींवरील शर्करांच्या साखळ्यांच्या टोकाशी बहुधा सायलिक आम्ल असते, तर अनेक जंतूंच्या आवरणावर मॅनोज ही शर्करा उघडी असते. भक्षकपेशींवरील आणि त्वचेतील लँगरहान्स पेशींवरील काही ग्राही प्रथिने, ज्यांना लेक्टिन म्हणतात, आपल्या खोबणीतील कॅल्शियमच्या आयनाला मॅनोजचे हायड्रॉक्सिल गट जुळले की तिला ओळखतात. एकेक बंध दुबळा असला, तरी असे अनेक बंध एकाच वेळी जुळल्याने पकड घट्ट होते आणि जंतू पेशीच्या आत ओढला जातो.

कुष्ठजंतू मात्र हीच ओळख स्वतःच्या कामी लावतो, आणि या रोगातील खरी मेख येथेच आहे. त्याच्या आवरणात फिनॉलिक ग्लायकोलिपिड-१ नावाचा मेदरेणू असून त्यावर दोन रॅम्नोज आणि एक ग्लुकोज अशी तीन शर्करांची, मिथाइल गट जडलेली साखळी असते. तिची रचना पॅट्रिक ब्रेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ च्या सुमारास उलगडली. भक्षकपेशीवरील पूरक-ग्राही ३ हे प्रथिन या साखळीला धरते, परंतु जंतू आत घेतला जात असतानाच दाहाचा प्रतिसाद मंदावतो, त्यामुळे तो मरण्याऐवजी तेथेच तग धरतो. याच साखळीच्या आधारे तो मज्जातंतूंतील श्वान पेशींभोवतीच्या लॅमिनिन-२ या प्रथिनाला चिकटतो, आणि चट्ट्याच्या जागी येणाऱ्या बधिरतेमागे मज्जातंतूंची ही बाधाच असते.

या साखळीविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात शोधणारी चाचणी उपलब्ध आहे. परंतु जंतू अल्प असलेल्या रुग्णांत ती अनेकदा नकारात्मक येते, म्हणून त्वचेची प्रत्यक्ष तपासणी टाळता येत नाही. रिफॅम्पिसिनची मात्रा देण्यापूर्वीही ती करावीच लागते, कारण ज्याला रोग आधीच जडला आहे, त्याला एक मात्रा पुरत नाही. त्याला सहा किंवा बारा महिन्यांचा बहुविध औषधोपचारच द्यावा लागतो.